वॉर्डाने व्हेरा ब्रिटनला काय दिलं?

फोंड्यातल्या एका तरुण स्टाफ नर्सचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "पहिल्या महायुद्धात नर्सचं काम केल्यामुळेच व्हेरा ब्रिटन लेखिका झाली आणि युद्धाच्या विरोधात गेली, असं एका लेखात वाचलं. हे कितपत खरं? वॉर्डातल्या कामाने लिहिण्यात नेमकं काय बदलतं? मी स्वतः मराठीत थोडंफार लिहिते, पण ड्यूटीवर जे बघते ते कागदावर उतरतच नाही."

माझी सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात आणि नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली. वाचनाचा नाद घरातला. डिचोलीच्या आमच्या घरी मराठी पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याला कुलूप नसायचं. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचं नाही, नर्स म्हणून वाचणाऱ्या बाईचं आहे. पण या विषयात ती नजर उपयोगी पडेल असं मला वाटतं. ब्रिटन ही 'टेस्टमेंट ऑफ यूथ' हे आत्मचरित्र लिहिणारी इंग्रज लेखिका. तिच्यावर लिहिणारे बहुतेक लोक तिच्या प्रेमाबद्दल आणि दुःखाबद्दल लिहितात. तिच्या हातात किडनी ट्रे होता, हे ते एका ओळीत सांगून पुढे जातात.

आधी "लेखिका झाली" हे बाजूला काढू. ती वॉर्डात शिरली तेव्हाच लिहिणारी मुलगी होती. जन्म १८९३ चा, घर कागदाच्या गिरणीच्या मालकाचं, नोकरचाकर असलेलं. मुलीने शिकावं हे वडिलांना फारसं पटत नव्हतं. तरी हट्टाने १९१४ मध्ये तिने ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात प्रवेश मिळवला. १९१३ पासून डायरी चालू होती. भाऊ एडवर्ड, ज्याच्याशी लग्न ठरलं तो रोलंड लेटन आणि त्यांचे मित्र सैन्यात गेले, तेव्हा पुस्तकं घेऊन बसणं तिला असह्य झालं. १९१५ च्या उन्हाळ्यात तिने बक्स्टनच्या डेव्हनशर हॉस्पिटलात काम सुरू केलं. नोव्हेंबरात लंडनच्या कॅम्बरवेलमधलं फर्स्ट लंडन जनरल, १९१६ च्या शरदात माल्टा, ऑगस्ट १९१७ पासून फ्रान्समधल्या एताप्लचं २४ जनरल हॉस्पिटल. ती व्हीएडी होती. स्वेच्छेने आलेल्या, जुजबी शिकवलेल्या मुलींची ही योजना १९०९ मध्ये निघाली होती. पूर्ण शिकलेल्या सिस्टरांच्या हाताखाली त्या राबायच्या आणि लष्करी इस्पितळात त्यांना वर्षाला २० पौंड मिळायचे. बेडपॅन, झाडलोट, ट्रॉली पुसणं, जेवणाचे ट्रे, मग हळूहळू ड्रेसिंग. त्याच काळात पुण्यात रमाबाई रानडे सेवासदनातून बायकांना नर्सिंगकडे वळवत होत्या आणि घरोघरीच्या विरोधाला तोंड देत होत्या. परक्या पुरुषाचं अंग पुसणं हे चांगल्या घरच्या मुलीचं काम नव्हे, ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती.

तेव्हा लिहिण्याची ओढ तिची स्वतःची. वॉर्डाने दिलं ते वेगळं, आणि माझ्या मते ते एकच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. नर्सला लढाई दिसत नाही. नर्सला लढाईचा परिणाम दिसतो. सेनापतीला नकाशा दिसतो, सैनिकाला समोरची तार दिसते, वर्तमानपत्राला मथळा दिसतो. आपल्याकडे येतो तो स्ट्रेचर, आणि त्यावरून मागे काय झालं असेल याचा अंदाज बांधायचा. व्हेरा ब्रिटन पुढे आयुष्यभर युद्धाकडे अशी उलट बाजूने, परिणामाकडून कारणाकडे बघत राहिली.

फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचंच बघ. १ जुलै १९१६ हा ब्रिटिश सैन्याच्या इतिहासातला सर्वांत रक्तबंबाळ दिवस. तिने तो कॅम्बरवेलमध्ये पाहिला, म्हणजे जखमींच्या गाड्यांवर गाड्या येत राहिल्या तो. जागा संपल्या, पाळ्या मोडल्या, आलेल्यांना नीट धुऊन घ्यायलाही वेळ नव्हता. त्या पहिल्याच दिवशी जखमी झालेला तिचा भाऊ एडवर्ड योगायोगाने तिच्याच इस्पितळात येऊन पडला. लढाईचं नाव, जागा, कोण जिंकलं, हे तिला नंतर कळलं. आधी कळलं ते किती जण आले आणि कुठे लागलं आहे.

आता एक प्रसंग जवळून दाखवते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. रोलंडला २२ डिसेंबर १९१५ च्या रात्री, पुढच्या तारेचं कुंपण बघायला गेला असताना, पोटात गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. नाताळच्या सुट्टीवर तो येणार म्हणून ती ब्रायटनच्या हॉटेलात वाट पाहत होती. २६ तारखेला फोन आला तो या बातमीचा. जानेवारीत त्याचं सामान घरी परत आलं. ते उघडलं तेव्हा ती हजर होती, आणि एडवर्डला लिहिलेल्या पत्रात तिने जे पाहिलं ते सांगितलं. चिखलाने माखलेला गणवेश, आत घालायच्या कपड्यावर वाळून कडक झालेलं रक्त, आणि त्या चिखलाचा वास, साध्या मातीचा नव्हे तर प्रेतं मुरलेल्या मातीचा. त्यात एक तपशील आहे: विजार वरच्या बाजूने कापलेली होती आणि ज्याने कापली तो फार घाईत होता, हे तिने ओळखलं.

ही ओळ वाचली की मी पुस्तक खाली ठेवते. कॅज्युअल्टीत ज्या मुलीने कात्री हातात घेऊन माणसाची पँट फाडली आहे तिलाच हे दिसेल. शिवणीवरून सरळ कापलेलं आणि मिळेल तिथून कापलेलं, यातला फरक इतरांना कळत नाही. रोलंडच्या आईला ते कपडे डोळ्यांसमोर नको झाले होते, आणि कुठल्याही आईला तसंच होईल. व्हेराला कॅम्बरवेलमध्ये जेमतेम दोन महिने झाले होते, तरी प्रियकराच्या कपड्यांकडे बघताना तिची नजर आधी रुग्णाच्या कपड्यांकडे बघावी तशी गेली, आणि मग रडू आलं. हा कोरडेपणा म्हणू नकोस. तिला त्याच्याबद्दल जे शेवटचं कळू शकत होतं ते त्या कापडात होतं, आणि ते वाचायला इस्पितळाने तिला शिकवलं होतं. नंतर ती त्याच्या सोबतच्या अधिकाऱ्यांकडून, पाद्र्याकडून शेवटच्या तासांची माहिती गोळा करत राहिली. आपण नातेवाइकांना जसं विचारतो, कधी लागलं, शुद्ध होती का, काही बोलला का, तसंच.

दुसरं, ड्रेसिंग. तुला आठवत असेल, आमच्या वेळचं सोड, तुझ्या सीनियरांनीही युसॉलचं, म्हणजे जखम धुण्याच्या ब्लीचिंगच्या द्रावणाचं, ड्रेसिंग केलं असेल. तो ब्लीचिंगचा वास हातातून घरी यायचा. हे युसॉल १९१५ मध्ये एडिंबरा विद्यापीठात याच युद्धासाठी तयार झालं. त्याच्या नावात विद्यापीठाचं नाव आहे. फ्लँडर्सची, म्हणजे बेल्जियमकडच्या आघाडीची, जमीन शेणखताची. गोळीबरोबर ती माती मांसात जायची आणि जखम आतून सडायची. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, वापरात यायला दुसरं महायुद्ध उजाडलं. म्हणजे व्हेराच्या वॉर्डात औषध म्हणून होतं ते धुणं, कापणं, पुन्हा धुणं. तिने पाहिलेल्या पहिल्या मोठ्या ड्रेसिंगबद्दल ती लिहिते तेव्हा पायाच्या जखमेचे रंग सांगते, बुळबुळीतपणा सांगते, हाड उघडं होतं हे सांगते, आणि क्षणभर आपल्याला चक्कर आली हेही सांगते. क्रम लक्षात घे. आधी जखम, मग स्वतः. आपण ड्रेसिंगच्या वहीत लिहितो तोच क्रम: आकार, कडा, रंग, स्राव, वास. रुग्ण कळवळला की आपण गॉज सलाइनने भिजवतो, कोपरा उचलून बघतो, एक डोळा जखमेवर आणि एक त्याच्या चेहऱ्यावर. त्या वेळी मनात काय चाललं आहे याला जागा नसते. ते नंतर, हात धुताना.

पुस्तकात जिथे ती वॉर्डात आहे तिथे गद्य असं उभं राहतं. जिथे ती घरच्या मंडळींबद्दल, ऑक्सफर्डबद्दल किंवा स्वतःच्या ध्येयांबद्दल लिहिते तिथे वाक्यं लांबतात, विशेषणं गर्दी करतात, कधी कधी भाषणासारखं वाटतं. हे मी भक्त असूनही म्हणते. १९१८ मध्ये तिच्या कवितांचं छोटं पुस्तक निघालं, 'व्हर्सेस ऑफ अ व्ही. ए. डी.'. त्यातल्या बऱ्याच कविता जुन्या वळणाच्या, उदात्त शब्दांच्या आहेत. वॉर्ड त्यांच्या विषयात आहे पण भाषेत अजून उतरलेला नाही. हे तुझ्यासाठी मुद्दाम सांगते, कारण "कागदावर उतरत नाही" ही तुझी तक्रार तिचीही होती आणि ती बरीच वर्षं टिकली.

एताप्लमध्ये तिला पहिल्यांदा जो वॉर्ड मिळाला तो जखमी जर्मन कैद्यांचा होता. त्याच दिवसांत एडवर्ड बेल्जियममधल्या इप्रच्या आघाडीवर होता. एका जर्मन अधिकाऱ्याला पुढे इंग्लंडला हलवत होते. निघताना त्याने आभार मानून हात पुढे केला. ती क्षणभर थबकली आणि तो हात हातात घेतला. आपला भाऊ आठवडा-दोन आठवड्यांपूर्वी याच माणसाला मारायचा प्रयत्न करत असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि ते सगळं तिला निरर्थक वाटलं. 'द जर्मन वॉर्ड' नावाची तिची कविता त्या दिवसांचीच.

आपल्याकडे युद्ध नाही. गोव्याने १९६१ च्या डिसेंबरात दोन दिवसांची लष्करी कारवाई पाहिली, तेवढीच. पण शनिवारच्या रात्री १०८ च्या गाडीतून दोघे येतात, दारू पिऊन गाडी ठोकणारा आणि ज्याला ठोकलं तो, आणि खाटा कमी म्हणून शेजारीशेजारी पडतात. एकाचे नातेवाईक दुसऱ्याकडे जळत्या डोळ्यांनी बघतात, कोपऱ्यात पोलीस बसलेला असतो. तू दोघांचं बीपी घेतेस. एकाचा कफ जास्त आवळून बांधत नाहीस. तुझ्या मनात राग असतोच, मी नाही म्हणणार नाही, पण हाताला तो माहीत नसतो. व्हेराला एताप्लमध्ये हेच उमगलं असं मी समजते. शत्रूवर प्रेम वगैरे फार मोठी गोष्ट. तिला एवढंच कळलं की हात फरक करत नाही, आणि मग डोक्याने केलेला फरक तिला तपासून बघावासा वाटू लागला.

तिथेच तिने मस्टर्ड गॅसचे रुग्ण पाहिले. जर्मनांनी हा वायू जुलै १९१७ मध्ये इप्रला पहिल्यांदा वापरला. लागल्या लागल्या फारसं कळत नाही. काही तासांनी डोळे चिकटतात, अंगभर फोड येतात, घसा आतून भाजतो. तिने आईला लिहिलेल्या पत्रात संताप आहे: हे पवित्र युद्ध आहे म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन या माणसांना बघावं. पुढच्या सगळ्या लिखाणाची मागणी त्या पत्रात आली आहे. वाद घालू नका, येऊन बघा.

पण तू वाचलेल्या लेखातल्या "नर्सिंगमुळे युद्धविरोधी झाली" याला मी जशीच्या तशी मान डोलावणार नाही. वॉर्डातून बाहेर पडताच ती शांतिवादी झाली असं झालेलं नाही. १९२० नंतरची बरीच वर्षं ती राष्ट्रसंघाच्या बाजूने व्याख्यानं देत फिरली. राष्ट्रांनी एकत्र येऊन युद्ध टाळावं, ही तिची तेव्हाची भूमिका. कुठल्याही कारणासाठी युद्ध नको, या टोकाला ती पोचली ती १९३६ मध्ये डॉर्चेस्टरच्या एका सभेत डिक शेपर्ड या धर्मगुरूला ऐकल्यावर. जानेवारी १९३७ मध्ये ती पीस प्लेज युनियनमध्ये, म्हणजे युद्धाला नकार देण्याची शपथ घेणाऱ्यांच्या संघटनेत गेली. म्हणजे एताप्लनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. वॉर्डाने तिला निष्कर्ष दिला नाही, पुरावा दिला. निष्कर्षासाठी तिला राजकारण पाहावं लागलं, फसावं लागलं, वाचावं लागलं.

मधली वर्षं कशी गेली हेही नर्सने समजून घेण्यासारखं आहे. एप्रिल १९१८ मध्ये, जर्मन चढाई जोरात असताना, आई आजारी म्हणून तिला फ्रान्समधून घरी बोलावलं गेलं. इतक्या धामधुमीत काम टाकून घरचं बघायला यावं लागलं, कारण ती मुलगी होती. मुलगा असता तर कुणी बोलावलं नसतं. ही टोचणी तिच्या पुढच्या स्त्रीविषयक लिखाणात सतत जाणवते. १९२८ मध्ये तिने इंग्लंडमधल्या बायकांच्या नोकऱ्यांवर पुस्तक लिहिलं. कॅम्बरवेलमधलं गैरसोयीचं वसतिगृह आणि तिथून इस्पितळापर्यंतची पायपीट, ड्यूटीचे तास, सिस्टरांचा धाक, विनाकारण पाळायला लावलेले नियम यांबद्दल ती आत्मचरित्रात तपशिलाने लिहिते. नर्सिंगला तिने देवत्व दिलं नाही आणि मला हे फार मोलाचं वाटतं. सेवेचं गोड गोड वर्णन करून आपल्या मुलींना कमी पगारात राबवणं सोपं होतं.

१५ जून १९१८ ला इटलीत, असियागोच्या पठारावर एडवर्ड मारला गेला. त्याआधी १९१७ मध्ये जेफ्री थर्लो आणि व्हिक्टर रिचर्डसन हे दोन मित्र गेले होते. १९१९ मध्ये ती ऑक्सफर्डला परतली, इंग्रजी सोडून इतिहास घेतला, कारण हे सगळं का झालं ते तिला समजून घ्यायचं होतं. आणि तेव्हा तिचं शरीर बोलू लागलं. भयानक स्वप्नं पडायची, आरशात बघितलं की चेहऱ्यावर दाढीसारखी काळी छाया पसरते आहे असं दिसायचं. आज आपण याला आघातानंतरचा त्रास म्हणू, त्यावर उपचार सांगू. तेव्हा सैनिकांच्या अशा त्रासाला काही नाव तरी होतं. नर्सला तेही नव्हतं. ड्यूटीवर ज्या भावना बाजूला ठेवल्या त्या व्याजासकट परत आल्या. ज्या मुलींनी कोविडच्या वॉर्डात काम केलं त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पीपीईच्या आत घामाने भिजत काम करताना कुणी रडलं नाही. वर्षभराने, घरी, भांडी घासताना रडल्या.

तिने आधी कादंबरीत हात घालून पाहिला. १९२३ ची 'द डार्क टाइड' ऑक्सफर्डवर आहे, युद्धावर नव्हे. युद्धावरची कादंबरी तिच्या मनात होती, पण जमेना. १९२९ च्या सुमारास पुरुषांची युद्धावरची पुस्तकं एकामागून एक येऊ लागली आणि गाजू लागली. त्यात बायका होत्या त्या वाट पाहणाऱ्या, नाहीतर विश्वासघात करणाऱ्या. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने काल्पनिक पात्रांचा नाद सोडला आणि स्वतःच्या नावाने, खऱ्या पत्रांचे आणि डायरीचे उतारे देत लिहायला घेतलं. ऑगस्ट १९३३ मध्ये 'टेस्टमेंट ऑफ यूथ' आलं. दुसऱ्याच वर्षी आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग आला. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, स्वभावही अगदी वेगळे. पण स्वतःवर ओढवलेलं स्वतःची कीव न करता सांगायचं, हे दोन्हीकडे दिसतं.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिची डायरी १९१७ पर्यंतचीच आहे. एताप्लच्या काळासाठी तिच्याकडे घरी पाठवलेली पत्रं होती आणि स्मरण होतं, रोजची नोंद नव्हती. आणि तरी पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग तोच. याचा अर्थ नोंदी ठेवू नयेत असा कुणी काढला तर चुकेल. आधीच्या वर्षांत रोज लिहून लिहून तिची पाहण्याची सवय पक्की झाली होती, म्हणून पुढचं टिकलं.

नंतरच्या लिखाणाकडे वळते. १९३५ मध्ये तिची जिवलग मैत्रीण, लेखिका विनिफ्रेड होल्टबी, मूत्रपिंडाच्या आजाराने ३७ व्या वर्षी वारली. १९४० मध्ये व्हेराने तिच्यावर 'टेस्टमेंट ऑफ फ्रेंडशिप' लिहिलं. मैत्रिणीच्या आजारपणाबद्दल वाचताना मला पुन्हा तीच नजर दिसते. पण खरी कसोटी १९४४ ची. दुसरं महायुद्ध रंगात आलेलं, ब्रिटिश विमानं जर्मन शहरांवर रात्रीमागून रात्र बॉम्ब टाकत होती, आणि या बाईने 'सीड ऑफ केऑस' नावाची पुस्तिका काढून त्याला विरोध केला. त्यात ती विमानं, डावपेच यांत अडकत नाही. जमिनीवर, खाली, तळघरात काय होतं ते सांगते. शहरामागून शहर, मिळालेल्या बातम्यांच्या आधाराने. पुन्हा तेच: परिणाम आधी बघा. स्वतःचा देश लढत असताना, शत्रूच्या बायकामुलांची शरीरं तिने आपल्या वाचकांपुढे ठेवली. अमेरिकेत तिच्यावर टीकेचा भडिमार झाला, इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑर्वेलसारख्या माणसाने तिचा मुद्दा खोडून काढला. वाचकही दुरावले. युद्ध संपल्यावर नाझींची एक यादी सापडली, इंग्लंड जिंकल्यावर कुणाकुणाला पकडायचं त्याची. त्यात तिचं नाव होतं. जर्मन वॉर्डात तो हात हातात घेतला नसता तर ही पुस्तिका तिच्या हातून झाली नसती, असं मी ठामपणे म्हणते. तिचं राजकारण चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो, आणि नाझींसमोर दुसरा मार्ग काय होता हा प्रश्न मलाही पडतो. पण बॉम्बखाली शरीराचं काय होतं हे तिने नाकारू दिलं नाही.

१९४९ च्या अखेरीस शांतिवाद्यांच्या जागतिक परिषदेसाठी ती भारतात आली होती आणि त्या प्रवासावर तिने १९५१ मध्ये 'सर्च आफ्टर सनराइज' लिहिलं. विजयालक्ष्मी पंडितांवरही तिचं पुस्तक आहे. १९७० मध्ये ती गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिच्या अस्थी असियागोच्या पठारावर, एडवर्डच्या कबरीवर विसर्जित केल्या.

आता इतरांबद्दल थोडं, कारण वॉर्ड प्रत्येकीला तेच देत नाही. लुइझा मे अल्कॉट अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ च्या डिसेंबरात जॉर्जटाउनच्या इस्पितळात गेली, काही आठवड्यांत टायफॉइडने आडवी झाली, आणि घरी पाठवलेल्या पत्रांतून 'हॉस्पिटल स्केचेस' निघालं. मेरी बोर्डनने फ्रान्समध्ये आघाडीजवळचं इस्पितळ चालवलं. तिचं १९२९ चं 'द फॉरबिडन झोन' वाच, ब्रिटनपेक्षा फार वेगळं, तुटक, थंड, कुठेही दिलासा न देणारं. लेखन म्हणून मला ते जास्त धारदार वाटतं, जरी मन ब्रिटनकडे ओढतं.

अगाथा ख्रिस्तीची गोष्ट तर तुला आवडेलच. तीही व्हीएडी, टॉर्कीच्या इस्पितळात, आधी वॉर्डात मग औषधालयात. १९१७ मध्ये तिने औषधविक्रेत्याची परीक्षा दिली. आत्मचरित्रात ती सांगते, एका अनुभवी फार्मासिस्टने सपोझिटरी बनवताना दशांश चिन्ह चुकवलं आणि औषध दहापट पडलं. शिकाऊ मुलीने त्याला चूक दाखवायची सोय नव्हती. मग तिने धडपडल्याचं नाटक करून ट्रे खाली पाडला आणि पायाखाली नीट तुडवला. त्यातून पुढे तिच्या रहस्यकथांतली विषं आली, आणि ती इतकी अचूक की १९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये कतारहून आणलेल्या एका बाळाचा आजार कुणाला कळेना, तेव्हा 'द पेल हॉर्स' वाचत असलेल्या एका नर्सने थॅलियम या विषाची लक्षणं ओळखली. नर्सने शिकलेलं पुस्तकात गेलं आणि पुस्तकातून परत एका नर्सकडे आलं.

शेवटी तुझ्याबद्दल. ईनिड बॅग्नोल्ड नावाची आणखी एक व्हीएडी होती. तिने १९१८ मध्ये 'अ डायरी विदाउट डेट्स' छापलं, इस्पितळावर टीका केली, आणि तिला कामावरून काढलं. ब्रिटनने पंधरा वर्षं थांबून लिहिलं. तू लगेच लिही, पण छापायची घाई करू नकोस. रुग्णाची गुप्तता हा आपला नियमच आहे, शिवाय गोवा केवढा? तालुका, वाडा आणि आजार एवढं सांगितलं की माणूस ओळखला गेलाच. बेड नंबर बदलून भागत नाही. वय, गाव, नातेवाईक, महिना, सगळं बदल. हातांनी काय केलं ते मात्र तसंच ठेव.

तुझं कागदावर उतरत नाही, कारण तू बहुधा घरी आल्यावर "काय वाटलं" ते लिहायला बसतेस. ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी संपवून पुढच्या नर्सला रुग्ण सोपवताना, तू काय सांगतेस ते आठव. रात्री दोन वाजता लघवी कमी झाली, ड्रेन बदलली, बायको बाहेर पॅसेजमध्ये झोपली आहे, तिने काही खाल्लेलं नाही. चांगली ओव्हर देणाऱ्या मुलीला गद्य येत असतं. ओव्हरमध्ये बायकोचं खाणं येतं ना, तिथून सुरू कर. ती काय म्हणाली, कोकणीत म्हणाली असेल तर कोकणीतच लिही. आणि तुझं मन त्यात आलं नाही तरी चालेल. वाचणाऱ्याला ते कळतं.

'टेस्टमेंट ऑफ यूथ' अजून पूर्ण वाचलं नसशील तर पहिल्या पानापासून सुरू करू नकोस, सुरुवातीचं बक्स्टनचं कंटाळवाणं वाटेल. आधी कॅम्बरवेलचं प्रकरण, मग माल्टाचं, मग समुद्र आणि वाळूच्या टेकड्यांमधल्या इस्पितळाचं. माल्टाच्या प्रकरणात आपल्यासारखाच समुद्र आणि ऊन आहे, थोडा श्वास घेता येतो. मग मागे जाऊन सुरुवात वाच, ती तेव्हा वेगळी लागेल. पुस्तक जाडजूड आहे, सहाशेच्या वर पानं. नाइटच्या आठवड्यात हातात घेऊ नकोस, ऑफ जोडून मिळतील तेव्हा घे.